सिग्माचा उकार

मागचे दोन महिने माझे सगळे वीकेंड एका भलत्याच प्रश्नात गेले. प्रश्न असा: बेरजेचं जे चिन्ह असतं ना, सिग्मा, ∑, त्याच्यासोबतची बारकी अक्षरं चिन्हाच्या खाली-वर लिहायची की उजव्या बाजूला?

हसा. मीही हसलोच होतो. आठवडाभर ऑफिसात प्रॉडक्शनचे बग झेलायचे, क्लायंटची बोलणी खायची, आणि शनिवारी सकाळी तर्री पोहे हाणून झाल्यावर करायचं काय, तर सिग्माची अक्षरं खालीवर करायची! पण या प्रश्नात मी इतका गुंतलो की आता माझं त्यावर चक्क एक मत झालंय. आणि मत झालं की ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हा शनिवार.

तर झालं असं...

माझे एक मामा आहेत. ज्युनियर कॉलेजात तीसेक वर्षं गणित शिकवून रिटायर झालेले. आता दर रविवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये अकरावीच्या पोट्ट्यांना शिकवतात. फी नाही. फक्त चप्पल बाहेर नीट लावायची, एवढी एकच अट. येणारी बहुतेक मुलं भंडारा-गोंदियाकडून, उमरेड-काटोलकडून नागपुरात शिकायला आलेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी सायन्सला गेल्याबरोबर गणित एकदम इंग्रजीत. कालपर्यंतचा 'लसावि' आज 'एलसीएम' झालेला. गणित तेच असतं हो, पण पहिले तीन-चार महिने पोरं नुसती भांबावलेली असतात. त्या तीन-चार महिन्यांसाठी मामांनी नोट्स काढल्यात. समजावणं मराठीत, सूत्रं इंग्रजीत. चार जाडजूड रजिस्टरं, निळ्या शाईत, हातानं लिहिलेली.

या नोट्स एकदा टाइप झाल्याही होत्या. वीसेक वर्षांपूर्वी एका डीटीपीवाल्याकडून त्यांनी त्या करून घेतल्या होत्या. मामांनी ती सीडी जपून ठेवलेली. मी मोठ्या उत्साहानं ती उघडली तर काय, 'गणित' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची भेळ! तो फॉन्ट आता कुठे मिळत नाही. सूत्रांचं तर विचारूच नका. प्रत्येक बारीक अक्षर माउसनं ओढून अंदाजानं खाली चिकटवलेलं होतं. फॉन्ट गेला तशी ती सगळी आपापल्या जागा सोडून पानभर विखुरली होती.

म्हणजे खरी प्रत उरली ती रजिस्टरांची. शाई फिकी पडत चाललेली. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आता परत सगळं लिहून काढणं त्यांना शक्य नाही. मला म्हणाले, "तू कम्प्युटरवाला आहेस ना बे? मग दे ना करून."

दिलं. म्हणजे, देतोय.

यासाठी मी लेटेक निवडलं. इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्ट रिपोर्टपुरतं वापरलं होतं, तेवढीच ओळख. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोनाल्ड नूथ हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हातात आली. जुनी आवृत्ती खिळ्यांवर छापलेली आणि देखणी होती. नवी, फोटोटाइपसेटिंगची, त्यांना बघवेना. आपल्यासारखा माणूस प्रकाशकाला एक खरमरीत मेल टाकून गप्प बसला असता. नूथनी स्वतःचं टाइपसेटिंग सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. त्याचं नाव टेक. वर्षभरात उरकेल असं वाटलं होतं, गेली जवळजवळ दहा वर्षं. (एस्टिमेट चुकल्याबद्दल मॅनेजरची बोलणी खाणाऱ्या सर्वांनी हे वाक्य प्रिंट काढून डेस्कवर लावावं. :-) ) पुढे ऐंशीच्या दशकात लेस्ली लॅमपोर्ट यांनी त्यावर लेटेक रचलं. आज जगभर गणिताचे पेपर बहुतेक त्यातच लिहिले जातात.

मी एक प्रकरण टाइप केलं, प्रिंट काढली आणि ऐटीत मामांना नेऊन दिली. त्यांनी वर्गात वाटली. पुढच्या रविवारी मी गेलो तर मामांनी एक वही माझ्यापुढे सरकवली. भंडाऱ्याकडच्या एका मुलीची. गणित साधं होतं: १ ते एन पर्यंतच्या वर्गांची बेरीज. तिनं वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं: 'सिग्माचा एन-वा घात, गुणिले आय वर्ग'.

मी म्हटलं, "अरे, हिला सिग्माच समजला नाही."

मामा म्हणाले, "फळ्यावर समजला होता. घरी जाऊन तुझा कागद वाचला अन् मग बिघडला. हे बघ."

आणि त्यांनी माझ्या प्रिंटवर लाल पेनानं गोल केला. मी ते सूत्र वाक्याच्या ओघात, ओळीच्या मध्येच टाकलं होतं. आणि लेटेकनं काय केलं होतं, तर सिग्मा छोटा करून 'आय बरोबर १' त्याच्या उजव्या पायाशी आणि 'एन' उजव्या खांद्याशी नेऊन बसवला होता. आता उजव्या खांद्यावरचं बारीक अक्षर म्हणजे काय? सातवी-आठवीपासून आपण एकच शिकलोय: घात! मुलीनं तेच वाचलं. त्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एक छोटा सिग्मा असतो आणि त्याचा खरोखर वर्ग असतो. म्हणजे शंका यायलाही वाव नाही.

"पोरगी चुकली नाही," मामा म्हणाले, "तुझ्या कागदानं चुकवलं तिला."

हे मला लागलं. खरं सांगतो, लागलं. कारण ती मुलगी आठवडाभर 'आपल्याला गणित जमत नाही' असं समजून बसली होती. इंग्रजी आडवं आलं असतं तर तिला ते कळलं असतं. पण आडवं काय आलं, तर एका अक्षराची जागा. ते तिला कसं कळणार?

घरी येऊन मी वाचायला बसलो. हा लेटेकचा बग नाही, हा नियम आहे आणि त्यामागे कारणही आहे. टेक सूत्रं दोन प्रकारे मांडतं. एक, स्वतंत्र ओळीवर, मधोमध, ऐसपैस. दुसरं, वाक्याच्या ओघात. स्वतंत्र ओळीवर जागा भरपूर, म्हणून सिग्माची किंवा 'लिम'ची अक्षरं खाली-वर येतात. वाक्याच्या ओघात खाली अक्षर टांगलं तर ओळीची उंची वाढते, पुढची ओळ खाली ढकलली जाते आणि परिच्छेद फाटल्यासारखा दिसतो. म्हणून तिथे अक्षरं बाजूला सरकतात. वर्डसुद्धा वाक्यातल्या समीकरणाला हेच करतं. वेबपेजवर गणित लिहायची मॅथएमएल नावाची भाषा आहे, तिच्यातही 'या ऑपरेटरची अक्षरं हलती आहेत' असं सांगायची सोय आहे. म्हणजे ही एकट्या नूथची लहर नव्हे, ही खिळे जुळवणाऱ्यांच्या काळापासूनची शिस्त आहे.

नियम मोडायचा असेल तर तीन आज्ञा आहेत. 'लिमिट्स' म्हटलं की अक्षरं कायम खाली-वर. 'नोलिमिट्स' म्हटलं की कायम बाजूला. 'डिस्प्लेलिमिट्स' म्हटलं की वर सांगितलेला नेहमीचा नियम. झालं, एवढंच! मी काय केलं असेल? कुठलाही डेडलाइनवाला प्रोग्रामर करील तेच. फाइंड-रिप्लेस. जिथे जिथे सिग्मा आणि लिम, तिथे तिथे 'लिमिट्स'. चारशेच्या वर जागा, दहा सेकंदांत खल्लास.

नवी प्रिंट बघून मामा म्हणाले, "आता ओळी काहून फाटल्या बे?"

आणि खरंच फाटल्या होत्या. दर तिसऱ्या ओळीला खड्डा. आपल्या रस्त्यांसारखा. वाचताना डोळा अडखळत होता. नूथ बरोबरच होते. आणि ती मुलगीही बरोबरच होती. आता काय करायचं?

इथे मामांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. म्हणाले, "अरे, हे म्हणजे उकारासारखं आहे. उकार अक्षराच्या खाली राहते, वेलांटी बाजूला, मात्रा डोक्यावर. ते काय शोभेसाठी आहे? जागा बदलली तर वाचणारा दुसरंच वाचते."

मी त्यावर विचार करत बसलो आणि लक्षात आलं की आपण मराठी लोकांनी हा सगळा घोळ आधीच एकदा घातलाय आणि निस्तरलाही आहे. त्या जुन्या सीडीतल्या फॉन्टमध्ये 'कि' कसा टाइप करायचा? आधी वेलांटी, मग 'क'. कारण दिसताना वेलांटी आधी दिसते. मशीनला 'क' आणि वेलांटी यांचा काही संबंध आहे हे माहीतच नव्हतं. त्याला फक्त 'ही रेघ इथे काढ, ती तिथे काढ' एवढंच सांगितलेलं. युनिकोडनं हे उलटं केलं. आधी 'क', मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम फॉन्टचं. म्हणूनच आज मी मराठीत सर्च करू शकतो, फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो.

आणि अपवादसुद्धा बघा. कु, गु, मु, सगळ्यांचा उकार खाली. 'र' आला की 'रु', उकार थेट पोटाशी! आपण टाइप करताना काही वेगळं करतो का? नाही. 'र' आणि उकार. अपवाद फॉन्टला माहीत आहे. टेकमध्येही अगदी असाच एक 'रु' आहे: इंटिग्रल. सिग्माची अक्षरं स्वतंत्र ओळीवर खाली-वर येतात, पण इंटिग्रलची तिथेही बाजूलाच राहतात, कारण नूथनी त्याच्या व्याख्येतच 'नोलिमिट्स' घालून ठेवलंय. इंटिग्रल आधीच उंच आणि तिरका, त्यावर-खाली आणखी अक्षरं चढवली तर मजला वाढतो. रशियन परंपरेच्या पुस्तकांत मात्र ती खाली-वर छापलेली सर्रास दिसतात. म्हणजे हा अपवाद निसर्गनियम नाही, कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. आणि तो एका जागी लिहून ठेवलेला आहे.

आता माझं मत. सॉफ्टवेअरला जागा सांगू नका, नातं सांगा. 'हे अक्षर दोन मिलिमीटर खाली' असं सांगू नका. 'हे या ऑपरेटरचं आहे' असं सांगा. जागा कुठली ते एकाच ठिकाणी ठरू द्या, आणि ठरवताना वाचणारा कोण आहे ते बघा.

"हे अक्षर या ऑपरेटरचं" म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगायला सिग्मासुद्धा लागत नाही. 'कमाल' आणि 'किमान' पुरेत. पेपरात रोज छापून येतं, कमाल तापमान अमुक. गणिताच्या भाषेत कमाल हा ऑपरेटरच आहे, आणि त्याच्याखाली एक अक्षर हवं: कमाल कशातली? आजच्या दिवसातली? अख्ख्या मे महिन्यातली? शहरातल्या सगळ्या केंद्रांमधली? मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? व्हॉट्सॅपवर नुसता धुमाकूळ. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ऑपरेटर बरोबर होता हो, कमाल म्हणजे कमालच. पण त्याच्याखाली जी यादी होती तिच्यात एक नासका आंबा होता. खालचं अक्षर बघितल्याशिवाय वरच्या शब्दाला काही अर्थ नसतो तो असा.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर 'आर्ग मॅक्स'. मशीन लर्निंगवाल्यांचं रोजचं. 'कमाल किती' हे नाही विचारायचं, 'कमाल कुठे मिळते' हे विचारायचं. लेटेकमध्ये 'आर्ग' वेगळा आहे, 'मॅक्स' वेगळा आहे, पण 'आर्ग मॅक्स' नाही. मग लोक दोघांना शेजारी उभं करतात आणि सबस्क्रिप्ट देतात. ते बिचारं फक्त 'मॅक्स'च्या खाली जाऊन बसतं, कारण त्याला दुसरं कुणी दिसतच नाही. मग कुणी मधे स्पेस घालतो, कुणी उणे स्पेस घालतो, ओढाताण सुरू. खरा उपाय एका ओळीचा आहे. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'एएमएसमॅथ' पॅकेजमध्ये 'डिक्लेअर मॅथ ऑपरेटर' अशी आज्ञा आहे. तिनं सांगायचं की 'आर्ग मॅक्स' हा एकच शब्द आहे, मधे बारीकशी फट. आज्ञेपुढे तारा लावला तर अक्षरं स्वतंत्र ओळीवर खाली येतात, तारा नसला तर कायम बाजूला. बस. सबस्क्रिप्ट आपोआप दोघांच्या मधोमध.

गंमत म्हणजे लेटेकमध्ये मसावि आहे (इंग्रजीतला 'जीसीडी') पण लसावि नाही! आपण शाळेत दोघं जोडीनं शिकतो, इथे एकालाच घर मिळालंय. 'एलसीएम' ही तीन अक्षरं नुसती टाइप केली तर टेकला वाटतं की एल गुणिले सी गुणिले एम आहे, आणि ते तिरक्या अक्षरांत, मधे फट ठेवून छापतं. मामांना तर पहिल्या दोन प्रकरणांत 'लसावि' आणि 'मसावि' मराठीतच हवे होते, पोरांना ओळखीचे. इथे आणखी एक खाच. गणिताच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, त्यामुळे 'लसावि' लिहिलं की कागदावर नुसती रिकामी जागा, आणि तक्रार कुठेतरी लॉग फाइलच्या कोपऱ्यात. मग तो शब्द 'हा मजकूर आहे' असं सांगून मराठी फॉन्टमध्ये गुंडाळायचा आणि त्या पुडीला ऑपरेटर म्हणून जाहीर करायचं. एकदाच. त्यानंतर लसाविला तेच सगळे मान मिळतात जे मसाविला मिळतात. आजूबाजूची फट, खालचं अक्षर, सगळं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी झिगझिग कशाला? ऑफिसातला एक मित्र हेच म्हणाला. "पीडीएफच तर काढायचीये. हातानं सरकव आणि मोकळा हो." त्याला मी विचारलं, "तू स्टाइलशीट सोडून प्रत्येक बटणाचा रंग वेगवेगळा हार्डकोड करशील का?" तो म्हणाला, "डेडलाइन असेल तर करीन." प्रामाणिक माणूस. पण हार्डकोड केलेल्याचं पुढे काय होतं ते मी त्या सीडीवर बघितलंय. आणि हे फक्त मराठी फॉन्टांचं दुखणं नाही. वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर ३.० मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून काढूनच टाकला. सॉफ्टवेअर जातात. जाणारच. राहतं ते फक्त, तुम्ही अर्थ कुठे लिहून ठेवला असेल तर तो.

तर शेवटी केलं काय? चारशे ठिकाणचे 'लिमिट्स' उपटून काढले. त्याऐवजी एक छोटी आज्ञा बनवली, तिला रोमन अक्षरांत नाव दिलं 'बेरीज'. तिला तीन गोष्टी सांगायच्या: चल कोणतं, कुठून, कुठवर. ती अक्षरं खाली जातील की बाजूला, हे फाइलच्या सुरुवातीला एका ओळीत ठरतं. 'लिम'साठी तशीच दुसरी. आता मामांची फाइल दोन रूपांत निघते. एक शिकणाऱ्यांची प्रत: तिथे सगळी अक्षरं खाली-वर, ओळींमधलं अंतर मुळातच वाढवलेलं, कागद जास्त लागतो तर लागू दे. दुसरी, परीक्षेच्या आदल्या रात्रीची चार पानी उजळणी: तिथे अक्षरं बाजूला, ओळी घट्ट. मजकूर एकच.

आणि एक नियम सॉफ्टवेअरचा नाही, आम्ही दोघांनी मिळून केला. नवीन चिन्ह पहिल्यांदा येतं तेव्हा ते कधीच वाक्याच्या ओघात टाकायचं नाही. त्याला स्वतःची ओळ द्यायची. पाहुणा पहिल्यांदा घरी आला तर आपण त्याला दारात उभं ठेवून बोलत नाही, तसंच. ओळख झाली की मग खुशाल गर्दीत उभा राहू दे.

मी इथे थांबणार होतो. पण मामांनी माझ्या उत्साहावर थोडं पाणी ओतलं, आणि तेही बरोबरच होतं. म्हणाले, "तू माझ्या नोट्समध्ये सगळं खाली घेशील. पण पोट्टे दुसरी पुस्तकं वाचतील, एंट्रन्सचे पेपर सोडवतील. तिथे बाजूलाच राहणार आहे. तेव्हा काय करतील?"

खरंय. फळ्यावर आपण कायम खालीच लिहितो, कारण फळ्याला ओळी नसतात. पुस्तकात वाक्याच्या ओघात ते बाजूला जातं, कारण पुस्तकाला ओळी असतात. हे दोन्ही एकच, असं माझ्या आठवणीत मला कुणी कधी सांगितलं नाही. मी आपोआप शिकलो, किंवा शिकलो असं समजलो. नूथपासून आजतागायत सगळ्यांनी धरून चाललंय की वाचणाऱ्याला हे माहीतच असणार. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी तो नियम उत्तम आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो सापळा आहे. आणि ज्याला माहीत नाही तो कधी तक्रार करत नाही. तो फक्त म्हणतो, 'मला गणित जमत नाही.' डिफॉल्ट ठरवणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यासारख्यांनीच, हे लक्षात ठेवायला हवं. तुमच्या ॲपचं एखादं बटण कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून ते तुम्हाला सोपं वाटतं.

म्हणून आता पहिल्याच पानावर एक चौकट आहे. त्यात तेच सूत्र दोनदा छापलंय, एकदा खाली-वर, एकदा बाजूला, आणि खाली मामांचं वाक्य: 'दोन्ही एकच. बाजूला दिसलं तरी खालीच समजा. हा घात नाही.' सगळ्या प्रोजेक्टमधली सर्वांत कमी टेक्निकल आणि बहुधा सर्वांत उपयोगी गोष्ट.

गेल्या रविवारी मी सुधारलेली प्रत घेऊन गेलो होतो. वर्ग सुटायच्या वेळी तीच भंडाऱ्याची मुलगी हातात फिजिक्सचं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "सर, यात इंटिग्रलची अक्षरं बाजूलाच आहेत. स्वतंत्र ओळीवर असून. छापायचं चुकलं का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर दोन अक्षरं लिहिली. कु. रु.

तिनं क्षणभर बघितलं. "म्हणजे उकारच आहे," ती म्हणाली, आणि पुस्तक बॅगेत टाकून चपला घालायला गेली.